माडाच्या मुळात ओतलेलं मीठ

बाबांनी स्वयंपाकघरातली मिठाची बरणी उचलली, मागल्या दाराने नेली आणि विहिरीजवळच्या माडाच्या मुळात उपडी केली, तेव्हा आई घावणे घालत होती. तिचा हात तसाच राहिला आणि तव्यावरचा घावणा करपला. माडाला मीठ घालणं आमच्याकडे नवीन नाही, वर्षातून एकदा सगळेच घालतात. पण ते त्यासाठी मुद्दाम आणलेलं असतं. रोज हात जाणारी बरणी कोणी झाडाला ओतत नाही. मी दारात उभी होते. बाबा परत आले, रिकामी बरणी तिच्या जागी ठेवली आणि म्हणाले, "आजपासून या घरात मीठ नाही." हे ते शुद्ध मराठीत म्हणाले, म्हणून मी जास्त घाबरले. बाबा कट्टा गावच्या हायस्कुलात गणित शिकवायचे. मासळी, शेजारी, भाताची कापणी आणि माझे मार्क यांच्याबद्दल ते घरात मालवणीत बोलत. देव, गणित आणि आरोग्य यांना मात्र पुस्तकातली भाषा लागे. त्या भाषेत एकदा वाक्य आलं की ते मागे घेतलं जात नसे. शाळा उघडायला दोनच दिवस होते आणि मी नववीत जाणार होते.

बाबांना वेड लागलं नव्हतं, ते घाबरले होते. हे मला आता कळतं. माझे आजोबा पन्नाशीच्या आत गेले. घरासमोरच्या खळ्यात बसून सुपाऱ्या सोलता सोलता मान कलली ती कललीच. बाबांचे थोरले भाऊ त्याच वयात गेले. पन्नास वर्षं पुरी झाली की माणसाची शांत करतात, होम होतो, पंगती उठतात. आमच्या घरात ती शांत कोणाचीच झालेली नव्हती. कुणाच्या शांतीचं आमंत्रण आलं की बाबा जात, जेवून येत आणि त्या दिवशी कोणाशी बोलत नसत. त्यांना तेव्हा अठ्ठेचाळिसावं चालू होतं. मालवणच्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला, तो वाढलेला निघाला. त्यांनी एक गोळी दिली, जिने लघवी जास्त होऊन दाब उतरतो, आणि सांगितलं की मीठ जरा बेताने खा. हा "बेताने" शब्द गणिताच्या मास्तरांना मानवला नाही. त्यांना शून्य कळत होतं. बेताने म्हणजे किती, हे कोणी सांगत नव्हतं.

मग आमच्या घरात दीर्घायुष्य आलं. पहाटे बाबा तांब्याच्या कळशीतलं रात्रीचं पाणी पीत, तांब्यामागून तांब्या, आणि ते पिताना घशाचा घटाघट आवाज मला अंथरुणात ऐकू येई. मग श्वासाचे प्रकार, ज्याने शेजारच्या काकींच्या कोंबड्या बिथरत. मग हातात काठी घेऊन कट्ट्याच्या बाजारापर्यंत भराभर चालत जायचं आणि कोणाशी न बोलता परत यायचं. ओळखीची माणसं हाक मारून थकली. चहा गेला. त्या जागी भिजवलेली मेथी आली, मोड आलेले मूग आले. पुण्याहून टपालाने एक आरोग्याचं मासिक येई, त्यात लाल पेन्सिलीने खुणा होत. त्याच मासिकात नारळाबद्दलही फार वाईट लिहून आलं होतं. ते पान बाबांच्या वाचनात आलं नसावं, कारण आमच्या आमटीतलं खोबरं कधी कमी झालं नाही. हल्ली माझी सून मनगटावरच्या घड्याळात किती पावलं झाली ते बघते आणि कमी भरली तर जेवण झाल्यावर घरातल्या घरात फेऱ्या मारते. मला हसू येतं, आणि मग बाबा आठवून येईनासं होतं.

पहिला आठवडा भयंकर गेला. आळणी डाळ, आळणी भाजी, आळणी माशाचं कालवण. ताज्या सौंदाळ्याचं आळणी कालवण ज्याने खाल्लं नाही, त्याला मी काय सांगणार. बाबा घास तोंडात फिरवत बसत आणि अर्ध्या ताटावरून उठत. त्यांचे गाल बसले. वर्गात शिकवताना खुर्चीवर बसू लागले, जे ते कधी करत नसत. आई काही बोलत नव्हती. घरात ती मुळात बोलायचीच कमी. बाबांच्या शुद्ध मराठीसमोर तर तोंड उघडत नसे. पण ती त्यांच्या ताटातलं उरलेलं बघत असे, आणि मी तिला बघत असे.

आणि मग चव आली. एके दिवशी दुपारी बाबांनी सार भातावर घेतलं, एक घास खाल्ला आणि थांबले. दुसरा घास घेतला. माझ्याकडे बघून म्हणाले, "लागतंय का तुला?" मला लागत होतं. साराला चव होती, चक्क खारट चव. बाबांचा चेहरा इतका उजळला की मला आजही तो डोळ्यांसमोर दिसतो. ते म्हणाले, मासिकात लिहिलंय ते खरं आहे. मीठ सोडलं की जिभेवरचा गंज उतरतो आणि अन्नातलं नैसर्गिक मीठ तिला कळायला लागतं. दुधी भोपळ्यात मीठ असतं, डाळीत असतं, माशात तर असतंच. आपणच वरून मीठ ओतून जीभ बधिर केलेली असते. मी मान डोलावली. मला शाळेत मैत्रिणींना सांगायला गोष्ट मिळाली, आणि मी ती सांगितलीही, की आमच्या जिभा आता साफ झाल्या आहेत. आई चुलीशी पाठमोरी बसली होती.

बाबांचा दाब उतरला. चालणं, मूग, ती गोळी, सगळ्याचाच गुण असेल. पण बाबांच्या लेखी तो मिठाचा पराभव होता. लग्नामुंजीत त्यांची एक गोष्ट ठरून गेली. पानावर सगळ्यात आधी मीठ वाढतात. वाढपी मीठ घेऊन पंगतीतून यायला लागला की बाबा पानाच्या त्या कोपऱ्यावर आपला तळहात पालथा ठेवत. तोंडाने काही म्हणत नसत. वाढपी गोंधळून उभा राही, शेजारचे विचारत आणि बाबांचं व्याख्यान सुरू होई. त्यातून शिष्य मिळत गेले. पहिले शिष्य शेजारच्या काकींचे यजमान दाजी, जे तलाठ्याच्या कचेरीतून निवृत्त होऊन घरी बसले होते आणि कशाच्या तरी शोधातच होते. मग वाडीतले आणखी चारपाच जण. रविवारी सकाळी आमच्या खळ्यात हे सगळे ओळीने श्वास घेत, आणि नंतर एकमेकांना सांगत की आमच्याकडेही आता पदार्थाला पदार्थाची चव लागते. दाजी तर म्हणाले की सुरुवातीला जेवण जात नव्हतं, पण मास्तरांनी धीर दिला आणि पंधरवड्यात जीभ सुधारली.

त्याच उत्साहात बाबांनी शाळेत रक्तदाब तपासणी ठेवली. मालवणचे डॉक्टर बिचारे रविवार मोडून आले. बाकावर पट्ट्याची पेटी मांडली आणि बाही वर करून पुरुषांची रांग लागली. आई, काकी आणि वाडीतल्या बायका शाळेच्या मागच्या पडवीत चहा आणि पोहे करत होत्या. पोहे बिनमिठाचे, असं जाहीर झालेलं होतं. काकी मोकळ्या स्वभावाच्या. ट्रे घेऊन आत आल्या तशा त्यांनी हसत हसत विचारलं की आमचा नाय बघणत? सगळे हसले. बाबा म्हणाले, आधी कर्त्या पुरुषांचं होऊ दे, मग तुमचंही करू. पण रांग संपेपर्यंत डॉक्टरांची एसटीची वेळ झाली. आईने त्यांना चहा दिला, रिकामी कपबशी परत घेतली. त्या दिवशी तिचं डोकं दुखत होतं. पदर घट्ट डोक्याला बांधला होता. तो तसा बऱ्याचदा बांधलेला असे. दुपारी ती सुंठ उगाळून कपाळाला लावायची आणि आम्ही सगळे, ती स्वतः धरून, म्हणायचो की चुलीच्या धुराने दुखतं.

पुढल्या उन्हाळ्यात, माझी वार्षिक परीक्षा आटोपली आणि देवगडहून मामाचा निरोप आला. मामी बाळंत झाली होती, घरात दुसरी बाई नाही, आणि आंब्याचा मोसम भरात, मामाला बागेतून मान वर करायला सवड नव्हती. आईने जायचं ठरवलं. निघताना तिने मला स्वयंपाकघरात उभं करून सगळं दाखवलं, तांदूळ कुठे, सोलं कुठे, आणि आगळाच्या, म्हणजे रतांब्याच्या, कोकमाच्या घट्ट रसाच्या, बाटलीवर बोट ठेवून म्हणाली, "बाकी कायव चुकला तरी चलात. पण सारात, डाळीत, कालवणात ह्या आगळ घालूक इसरू नको. बाबांका आंबट लागता." मी हो म्हटलं. तिने मला तेच पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मला तेव्हा वाटलं, किती ती काळजी आंबटाची.

ती एसटीत बसली आणि बाबांनी मला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. रागाने नव्हे, आनंदाने. वर्षभर दुसऱ्याच्या हातचं खाल्लं, आता स्वतःच्या हातचं, अगदी शुद्ध, असं म्हणाले. मी आगळाचं सांगितलं. ते म्हणाले, आंबटाची चटक हीसुद्धा चटकच. मग ते रोज दुधी उकडत, भोपळा उकडत, भात मऊ करून त्यात मूग घालत. मी पहिल्याच दिवशी दोन घास खाऊन काकींकडे पळाले, आणि पुढे तिथेच जेवत राहिले. काकींचं जेवण चवीचं होतं, आणि त्यांच्याकडेही मीठ बंद होतं, तरी माझ्या डोक्यात काहीच आलं नाही. बाबांना विचारलं तर म्हणाले, "माझ्या हाताक चव नाय गो. तुझ्या आवशीच्या हाताक आसा." हे ते मालवणीत म्हणाले. पण तेवढ्यावर मागे हटतील तर ते बाबा कसले.

तो उन्हाळा असा होता की खळ्यात दुपारी पाऊल ठेववत नव्हतं. बाबा घामाने निथळत चालून येत आणि कळशी रिकामी करत. गोळी रोज चालू होती. चारपाच दिवसांत त्यांचं डोकं दुखायला लागलं, मळमळायला लागलं. म्हणाले, शरीर साफ होतंय, आणखी पाणी प्यायला हवं. मग ते गप्प गप्प झाले. आठवडा उलटल्यावर एका सकाळी चालून आले, ओट्यावर टेकले आणि मला म्हणाले, "अक्का, आवस खंय गेली?" आवस म्हणजे आई, आणि अक्का म्हणजे त्यांची लहानपणी वारलेली बहीण. मी म्हटलं, बाबा, मी. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना मी दिसत नव्हते. मग मान मागे गेली, हातपाय ताठ झाले आणि सगळं अंग झटके द्यायला लागलं. मी ओरडले की नाही मला आठवत नाही. एवढंच आठवतं, की जिथे आजोबा सुपाऱ्या सोलत होते, तिथेच बाबांची काठी घरंगळत गेली.

काकी धावत आल्या, कोणीतरी कांदा फोडून नाकाशी धरला. दाजी म्हणत होते की मास्तरांका वारो लागलो, देवळात गाऱ्हाणा घालूक होया. काकी त्यांच्यावर खेकसल्या की आधी गाडी हाडा, गाऱ्हाणा मगे घाला. कट्ट्याच्या स्टँडवरची टॅक्सी आली. मालवणपर्यंत बाबांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि त्यांच्या ओठांतून फेस येत होता. मी मनातल्या मनात हिशेब करत होते, पन्नाशीला किती महिने कमी आहेत त्याचा, आणि तो हिशेब थांबवता येत नव्हता.

डॉक्टरांच्या दवाखान्यात चार खाटा होत्या. त्यांनी झटके थांबवायचं इंजेक्शन दिलं, ग्लुकोजची बाटली लावली आणि आम्हाला विचारलं, काय खातात, काय पितात. दाजींनी सांगितलं, आणि त्या अवस्थेतही त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता, की वर्ष होत इला, मिठाचो कण नाय. डॉक्टरांनी पुन्हा एकदा नाडी बघितली. मग म्हणाले, मलाही आधी मिठाचीच शंका आली होती; पण वर्षभर जे अंगाला मानवलं ते एका आठवड्यात कसं बिघडेल? मागच्या वर्षीच पडले असते. हा मेंदूतला रक्तस्राव असणार. रक्तातलं मीठ मोजायची सोय तेव्हा मालवणात नव्हती. दाजींनी पोस्टातून देवगडला मामाच्या ओळखीच्या दुकानात फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा हाकेला ओ देईनात, तेव्हा डॉक्टरांनी गोव्याच्या मोठ्या इस्पितळात न्यायला सांगितलं. गाडी दारात आणून उभी केली. डॉक्टरांनी दाजींना बाजूला घेतलं, तरी मला ऐकू आलं, की वाटेत काही झालं तर मनाची तयारी ठेवा.

बाबांना उचलायला माणसं वाकली आणि आई आली. पहिल्या एसटीने आली होती, केस विस्कटलेले, हातात कापडी पिशवी. तिने बाबांकडे बघितलं आणि मला विचारलं, "तेंका जेवण कोण करी होता?" मी म्हटलं, तेच करत होते स्वतः. "आगळ?" मी नाही म्हणून मान हलवली. आई खाली बसली नाही, रडली नाही. डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिली. तिला त्यांच्याशी शुद्ध बोलायचं होतं, ओठ हलले, पण ते शब्द आले नाहीत.

"ते मीठ खायत होते," ती म्हणाली. "वर्सभर. मी घालत होतंय."

डॉक्टर म्हणाले, "म्हणजे?"

आईने पिशवीतून बाटली काढली. देवगडाहून ती बाबांसाठी आगळ घेऊन आली होती. "ह्येच्यात. आगळ मिठाशिवाय टिकणाच नाय, डॉक्टर. रतांब्यांच्या बरोबरीन मीठ घालूचा लागता. मी सगळ्यात ह्या घालत होतंय. पहिल्या आठवड्यात ते ताटावरना उठाक लागले. जेवण जाणा नाय तर माणूस रवतलो कसो? मी देवगडाक गेलंय तेव्हापास्ना बंद झाला असतला."

मी त्या बाटलीकडे बघत राहिले. दर वर्षी मे महिन्यात आई आगळ घाली तेव्हा बरणी मी धरत असे. रतांब्यांचे थर आणि खड्या मिठाचे थर, रोज ढवळायचं, माझे हात त्या खारट रसाने चुरचुरायचे. सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालेलं होतं. बाबा मात्र त्या वेळी पेपर तपासत असत. आगळ त्यांना बाटलीत भरल्यावर भेटायचं. रतांबा पित्तशामक, असं तेच व्याख्यानात सांगत, आणि ज्या साराने त्यांना नैसर्गिक मिठाचा साक्षात्कार झाला त्यात आईच्या बरणीतलं मीठ होतं. आमच्या गावात कोणत्या पुरुषाला विचारा, आगळ म्हणजे काय, तर तो म्हणेल आंबट. खारट कोणी म्हणणार नाही.

दाजींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यांनी अगदी हळू विचारलं, "आणि आमच्या घरात?" आई त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "काकी आमच्याचकडना व्हरतत." फक्त काकीच नव्हे. रविवारी खळ्यात श्वास घेणाऱ्या एकूण एकाच्या घरी आमचं आगळ जात होतं. बायका मागल्या दारी बाटली घेऊन येत, हे मी वर्षभर बघत होते आणि मला वाटे, रतांबे त्यांना कमी मिळाले असतील. सगळी वाडी मिठावर चालली होती आणि ते पुरुषांना सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. मला तर पुरुषांतच धरलेलं होतं, कारण मी बाबांची लाडकी आणि तोंडाची फुटकी.

डॉक्टरांना मात्र हसू आलं नाही. त्यांनी गोळ्यांची पट्टी हातात घेतली, मला विचारलं, रोज पाणी किती पीत होते, घाम किती यायचा. मग म्हणाले, अंगातलं मीठ घामातून आणि लघवीतून गेलं, उरलेलं पाण्याने पातळ झालं, आणि स्वतः उठून ग्लुकोजची बाटली काढली आणि मिठाच्या पाण्याची लावली. नर्सला सांगितलं, अगदी हळू जाऊ दे. बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता, त्याला थांबायला सांगितलं. नंतर, बऱ्याच वर्षांनी, ते मला म्हणाले की तुझ्या आईने ते सांगितलं नसतं तर मी त्या बाटलीने तुझ्या बाबांना आणखी बुडवत राहिलो असतो. असं कबूल करणारे डॉक्टर मी पुढे फार पाहिले नाहीत.

आम्ही वाट बघत बसलो. आई बसली नाही; खाटेचा दांडा धरून उभी होती. तिने पदर डोक्याला बांधला होता. डॉक्टर बाबांचा दाब बघून वळले आणि त्यांना ती डोलल्यासारखी दिसली असावी. म्हणाले, बसा इथे, रात्रभर झोपल्या नसाल. ती स्टुलावर टेकली आणि त्यांनी सहज, हातात पट्टा होता म्हणून, तिच्या दंडाला गुंडाळला. आई दचकली. "माका कित्याक?" ती म्हणाली. "माका काय झाला?" डॉक्टरांनी हवा भरली, सोडली. पुन्हा भरली. मग दुसऱ्या दंडाला बांधला. मग कपाटातून दुसरं यंत्र काढलं. तिचा आकडा बाबांच्या सगळ्यात वाईट दिवसाच्या आकड्याच्याही पुष्कळ वर होता. डॉक्टरांनी विचारलं की याआधी कधी मोजला होता? आई मान खाली घालून म्हणाली, नाही. त्यांनी पट्टा सावकाश गुंडाळून ठेवला. मला वाटतं, त्यांना शाळेतला तो चहा आठवला असावा. मला तर आठवलाच. वर्षभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता, रक्तदाब, रक्तदाब, आणि ज्या बाईच्या हातचं खाऊन तो उतरत होता तिच्या दंडाला पट्टा लागला नव्हता. बाबा शाळेत गेले की ती पेजेबरोबर सुका बांगडा भाजून खायची, वर बाबांचं उरलेलं आगळाचं सार प्यायची, टाकायचं कसं म्हणून.

दुपारी बाबांनी डोळे उघडले. संध्याकाळपर्यंत त्यांना आपलं नाव, गाव, माझं नाव, सगळं सांगता आलं. दोन दिवसांनी, ते उशीला टेकून बसल्यावर, डॉक्टरांनी त्यांना दोन्ही गोष्टी सांगितल्या, आधी आगळाची, मग आईची. मी बाबांच्या रागाची वाट बघत होते. सगळ्या वाडीसमोर त्यांचं हसं झालं होतं. व्याख्यानं, शिष्य, जिभेवरचा गंज, सगळं एका बाटलीत गेलं होतं. बाबांनी आईला एवढंच विचारलं, "वर्सभर?" ती हो म्हणाली. मग त्यांनी डॉक्टरांना आईचा आकडा पुन्हा सांगायला लावला. स्वतःचे सगळे आकडे त्यांना पाठ होते. तो ऐकला आणि ते भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यांचे खांदे हलत होते. बाबांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि मला काय करावं ते कळेना म्हणून मी बाहेर जाऊन एका टॅक्सीवाल्याशी बोलत बसले.

घरी आल्यावर शुद्ध मराठी कमी झालं. मासिक बंद झालं. चालणं राहिलं, पण आता आई बरोबर असे, आणि ती वाटेत सगळ्यांशी बोलत चाले, त्यामुळे बाजारात पोचायला सकाळ संपे. बाबांना डॉक्टरांनी थोडं मीठ खायला बजावलं; आईचं मात्र जवळजवळ तोडलं, बांगडा तोडला, आगळ तोडलं. आणि मग मी जे पाहिलं त्याचा धक्का माझ्या मनातून अजून गेलेला नाही. बाबा स्वयंपाकघरात आले. आईचं जेवण तेच वेगळं काढू लागले, लसूण, ओलं खोबरं, कोथिंबीर, तिरफळं घालून काहीतरी चव आणायला बघत. एकदा मी त्यांना तिच्या ताटातला घास स्वतःच्या तोंडात घालून बघताना पाहिलं. त्यांनी तो गिळला आणि तिला विचारलं, "काय लागता गो?" आई म्हणाली, "काय एक लागणा नाय," आणि जेवत राहिली. त्यांनी तिला नैसर्गिक मिठाचं काही सांगितलं नाही.

आई त्यानंतर पुष्कळ जगली. बाबा तिच्यामागे काही वर्षं होते आणि ऐंशी ओलांडून गेले. आमच्या वाडीत कोणी मला दीर्घायुष्याचं रहस्य विचारतं, कारण मीही आता बरीच पुढे आले आहे. मी सांगते, घरातल्या बाईचा दंड मोजा. त्यांना वाटतं मी थट्टा करते.

बाबांची पन्नाशीची शांत झाली. आमच्या घरातली पहिली. होमाचा धूर खळ्यात भरला, वाडीतले झाडून सगळे आले, दाजी तर सोवळं नेसून यजमानासारखे फिरत होते. पहिल्या पंगतीला बाबा बसले आणि त्यांनी आईला आपल्या शेजारी पानावर बसवलं. बायका नंतर बसतात, आई नको नको म्हणत होती, पण त्यांनी ऐकलं नाही. मिठाचं भांडं घेऊन वाढायला दाजीच निघाले. बाबांच्या पानाशी आले, थोडे बिचकले. बाबांनी हात बाजूला घेतला. दाजींनी चिमूटभर मीठ वाढलं आणि सगळी पंगत हसली, बाबाही हसले. मग दाजी पुढे सरकले. आई मिठाकडे बघत होती. इतक्या दिवसांनी, भरल्या पंगतीत, सणाचं जेवण समोर.

"वायच वाढूंदेत," ती हळूच म्हणाली.

बाबांनी आपला हात लांब केला आणि तिच्या पानाच्या कोपऱ्यावर तळहात पालथा ठेवला. दाजी पुढच्या पानाकडे गेले. भात आला, वरण आलं, तूप आलं, तरी त्यांनी तो उचलला नाही. डाव्या हाताने तिचा कोपरा झाकून ते उजव्या हाताने जेवत राहिले.